उंबर फोडून केंबरी

उंबर फोडून केंबरी काढणं हा आपल्याकडचा जुना वाक्प्रचार. झाकलेलं उगीच उकरून काढू नये, असा त्याचा रोख. दुसरा वाक्प्रचार उंबराच्या फुलाचा. पुष्कळ दिवसांत न दिसलेला माणूस अचानक दारात उभा राहिला, की आपण म्हणतो, ‘अगदी उंबराचं फूल झालात की हो!’ गंमत अशी की हे दोन्ही वाक्प्रचार एकाच गोष्टीबद्दल बोलतात. उंबराचं फूल दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो तेच मुळात फुलांचं बंद घर आहे. आणि आत केंबरी असतात, कारण त्या बंद घरातल्या फुलांपर्यंत कुणीतरी पोचल्याशिवाय झाडाला बी धरत नाही. म्हणी करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या होत्या. त्या एकमेकींना जोडायला मात्र माणसाला फार काळ लागला.

फणस, तुती, उंबर, वड, पिंपळ, अंजीर ही सगळी एकाच कुळातली. फणस म्हणजे एका दांड्यावर दाटीवाटीने आलेल्या शेकडो फुलांचं एकत्र फळ, हे आपल्याला गरे काढताना कळतं. तुतीचंही तसंच. उंबर-अंजिराच्या पूर्वजांनी एक पाऊल पुढं टाकलं. फुलं ज्या बैठकीवर बसली होती, ती बैठकच कडांनी वर उचलली गेली, वाटीसारखी झाली, मग गडूसारखी झाली आणि तोंडाशी एक बारीक छिद्र तेवढं उरलं. फुलं आत, भिंत बाहेर. मधमाशी नाही, वारा नाही, फुलपाखरू नाही. त्या छिद्रातून शिरू शकेल असा एकच जीव उरला, तो म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, तिळाएवढी, आपल्याला कधी न चावणारी माशी. तिलाच आपल्या लोकांनी केंबरं म्हटलं.

हे केव्हा घडलं? आमचं बेळगाव ज्या काळ्या पाषाणावर वसलंय, तो सह्याद्रीचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. २०१२ साली जगभरच्या संशोधकांनी मिळून या वंशाच्या झाडांच्या आणि त्यांच्या माश्यांच्या सुमारे २०० जोड्यांचे जनुकीय आराखडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. त्यांचा अंदाज असा की ही सोबत सुमारे ७.५ कोटी वर्षांची आहे आणि ती युरोप-आशियाच्या भूमीत सुरू झाली असावी. त्याआधीच्या एका अभ्यासात निदान ६ कोटी हा आकडा आला होता. कोणताही धरा. तेव्हा भारत आशियाला चिकटलेलाही नव्हता. म्हणजे ज्या वडाला आपण सूत गुंडाळतो आणि ज्या औदुंबराखाली दत्ताच्या पादुका असतात, त्या झाडांचा करार आपल्या डोंगरांहून जुना ठरण्याचा संभव मोठा.

दोन वंशावळी शेजारी ठेवल्या तर त्या पुष्कळ ठिकाणी आरशासारख्या दिसतात. झाडाची फांदी फुटली की माशीचीही फुटलेली. या वंशात आज ७५० हून जास्त जाती आहेत आणि साधारणपणे जातीगणिक माशी वेगळी. उंबराची वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. पूर्वी पुस्तकांत ‘एक झाड, एक माशी’ असं ठासून लिहीत. आता कळलंय की पुष्कळ झाडांना दोन-दोन, तीन-तीन जातींच्या माश्या असतात, डोळ्यांना सारख्या दिसतात एवढंच. शिवाय मधूनमधून एका वंशातली माशी दुसऱ्या झाडाकडं गेल्याच्याही खुणा सापडतात. इतक्या जुन्या संसारात एवढं व्हायचंच!

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथं दगडात ठसा उमटलेले तीन बारीक कीटक गेल्या शतकाच्या आरंभी सापडले आणि मुंगी म्हणून त्यांची नोंद झाली. जवळजवळ ९० वर्षं ते संग्रहालयात मुंगी म्हणूनच राहिले. २०१० साली लीड्स विद्यापीठाच्या स्टीव्ह कॉम्प्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तेव्हा मुंगीच्या छातीवर खिसे दिसले. खिशाशी परागकण होते. ३.४ कोटी वर्षांपूर्वीची ती अंजीरवंशाची माशी होती आणि आजच्या माशीपेक्षा तिच्यात म्हणावा असा फरकच नव्हता. तिला जो साचा जमला होता, तो तिनं पुढं बदलला नाही.

त्या खिशांचं काम समजून घ्यायला उंबरच उघडलेलं बरं. हिरव्या, कोवळ्या उंबराला एक वास सुटतो. तो त्याच जातीच्या मादीला कळतो. ती येते, छिद्राशी बसते आणि एकावर एक चढलेल्या खवल्यांमधून अंग रेटत आत शिरते. या रेटारेटीत बहुधा तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. परत जायचं नसतंच. आत अंधारात ती फुलाफुलावर जाते, काही फुलांत अंडी घालते आणि छातीच्या खिशातला पराग पायांनी काढून फुलांच्या तोंडाशी लावते. सांडलेला, चिकटलेला पराग नव्हे, बरं का. हळदीकुंकवाला बोट लावावं तसा मोजून लावलेला. मग ती तिथंच मरते. ज्या फुलांत अंडं पडलं तिथं अळी वाढते, ज्यात नाही पडलं तिथं बी होतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, डोळे नसल्यातच जमा. माद्या अजून आपापल्या फुलाच्या गाठीत कोंडलेल्या असतानाच त्यांचं मीलन होतं. मग नर मिळून उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्यांनी बाहेरचा उजेड पाहिला तर तेवढा, बोगद्याच्या तोंडाशी. माद्या बाहेर निघतात, तोवर उंबरातली नरफुलं पिकलेली असतात. त्यांचा पराग खिशात भरून त्या उडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात नेमकं त्याच जातीचं, नेमकं कोवळ्या फळांवर आलेलं दुसरं झाड गाठायचं.

इवल्याशा जिवाला किती अंतर जमत असेल? आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीच्या काठी आपल्या उंबराचं एक चुलत झाड आहे, सिकमोर. २००९ साली तिथल्या झाडांचे आणि बियांचे जनुक जुळवून पाहिले, तेव्हा पराग १६० किलोमीटरवरून आल्याचं निघालं. बेळगावहून निघून गोवा ओलांडून पुढं जाईल एवढं हे अंतर. अर्थात पंखांपेक्षा वाऱ्याच्या जोरावर.

आता यातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट. माशीनं पराग आणलाच नाही, नुसती अंडी घालून मोकळी झाली, तर? फसवणूक सोपी आहे, पराग गोळा करण्याचे कष्टही वाचतात. मग कोट्यवधी वर्षांत सगळ्या माश्या लबाड कशा झाल्या नाहीत? पनामात शार्लट यांडेर आणि ॲलन हेर यांनी २०१० च्या सुमारास हेच तपासलं. परागाविना माश्या मुद्दाम फळांत सोडल्या. ज्या जातींत माशी हातानं पराग लावते, ती झाडं अशी फळं पुष्कळदा गाळून टाकतात. फळाबरोबर आतली लेकरंही जातात. जिथं पराग नुसता अंगाला लागून येतो, माशीला वेगळे कष्टच नाहीत, तिथल्या झाडांत मात्र ही शिक्षा दिसली नाही. शिवाय ज्या जातीची शिक्षा कडक, तिच्या माश्यांत लबाड कमी. झाडाला राग नाही, हिशेब आहे. ज्या फळात बी नाही त्यावर रस का खर्चायचा?

बिनबोलावलेले पाहुणे वेगळेच. ते छिद्रातून आत जात नाहीत, बाहेरूनच भिंतीला सुईसारखी नळी खुपसून आत अंडी घालतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१४ साली अशा एका माशीची नळी तपासली, तर केसाहून बारीक त्या नळीच्या टोकाच्या दात्यांत जस्त सापडलं. लाकडाला गिरमिट लावावं तसं ती कच्च्या उंबराला लावते. याच संस्थेत रेनी बोर्जिस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंबरावर वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्या दारच्या झाडावरचं काम आपल्याजवळच झालं, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि एक. माशीला सतत कुठंतरी कोवळं फळ हवं, म्हणून एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. एक आज, दुसरं महिन्यानं. त्यामुळं रानात बारमाही कुठलं ना कुठलं उंबर, वड, पाकर पिकलेलं असतं. हरियाल, धनेश, वानरं, वटवाघळं ऐन उन्हाळ्यातही जगतात ती यावर. जंगलाचं एवढं मोठं अन्नछत्र एका तिळाएवढ्या माशीच्या दोन दिवसांच्या आयुष्याच्या सोयीनं चालतं.

माणसाच्या बाजूनं पाहिलं, तर आधी फळ आलं, समज मागून. जॉर्डनच्या खोऱ्यात जेरिकोच्या उत्तरेला गिलगाल इथं ११,४०० वर्षांपूर्वीची नऊ जळकी अंजिरं सापडली. त्यांत खरं बी धरलेलं नव्हतं, म्हणजे माशीशिवाय पिकणाऱ्या जातीची. २००६ साली ती प्रसिद्ध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की अशी जात फांदी तोडून लावल्याशिवाय पसरत नाही, तेव्हा ही माणसाची लागवड, गव्हाच्याही आधीची. इतरांनी हरकत घेतली, की रानटी मादी झाडंही कधी कधी अशी फळतात. तो वाद तिथंच सोडू. इजिप्तमध्ये सिकमोर फार पूजनीय. थडग्यांत त्याची फळं, शवपेट्या त्याच्या लाकडाच्या. पण पराग नेणारी माशी तिथं आज नाही, त्यामुळं बीही धरत नाही. हजारो वर्षं लोक फांद्या लावूनच तो वाढवत आले. फळ पिकावं म्हणून कच्चेपणी त्याला चाकूनं चीर द्यायची पद्धत होती. जखम झाली की फळ पिकवणारा वायू सुटतो, हे कारण विसाव्या शतकात कळलं. चीर मात्र पिढ्यानुपिढ्या बरोबर जागी पडत होती.

ग्रीकांनी जास्त पाहिलं. अंजिराची झाडं दोन प्रकारची. एकाचं फळ आपण खातो, दुसऱ्याचं रानअंजीर कोरडं, आत माश्या वाढणारं. शेतकरी रानअंजिराच्या माळा करून चांगल्या झाडावर टांगत. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं, की रानअंजिरातली अळी कात टाकून माशी होते, चांगल्या अंजिरात शिरते आणि मग ते अंजीर गळत नाही. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यानंही यावर विस्तारानं लिहिलं. त्यांच्याआधी हिरोडोटस बाबिलोनच्या खजुराबद्दल सांगताना हीच माशी खजुरातही असते असं सांगून गेला. तिथं त्याचं चुकलं, खजुराला माशी लागत नाही, पण एवढं कळतं की अंजिराची माशी हे ग्रीक बागेत सर्वांना ठाऊक असलेलं ज्ञान होतं. ग्रीक लोक तिला जे नाव देत, ते लिनेयसनं पुढं तिच्या शास्त्रीय नावात ठेवलं.

आपल्याकडं पाहणाऱ्यांची नजर वेगळ्या कारणानं तिथं गेली. दहाव्या शतकाच्या सुमाराचे दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात श्रावकानं मद्य, मांस, मध यांबरोबर पाच उदुंबर फळं सोडावीत असं सांगितलं. दोन प्रकारचे उंबर, पाकर, वड आणि पिंपळ. का सोडावीत? तर ती त्रस जीवांची योनी आहेत. त्रस म्हणजे हलणारे-चालणारे जीव, आणि योनी म्हणजे जन्मस्थान. लहानपणी पाठशाळेत हे घोकलं तेव्हा माझ्या मनात किडकं फळ होतं. आता ‘योनी’ या शब्दाकडं पाहते, तेव्हा तो किती नेमका आहे हे जाणवतं. किडक्या वांग्यात कीड बाहेरून आलेली असते. उंबरात ती जन्मते, आणि उंबर त्यासाठीच बांधलेलं असतं.

उगीच काहीतरी गौरव चिकटवायला मला आवडत नाही. आचार्यांना परागण ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. तसं कुठं लिहिलेलं नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. पण एक गोष्ट मोजून सांगण्यासारखी आहे. वडाचं पान, पिंपळाचं पान, उंबराचं पान यांत साम्य काय? पारंब्या एकाला आहेत, दुसऱ्याला नाहीत. कुणी उंच, कुणी पसरट. तरी ही पाच झाडं एका मुठीत धरली गेली, ती फळाच्या आत काय आहे यावरून. लिनेयसनं १७५३ साली वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर एका वंशात घातले ते फुलांच्या रचनेवरून. आतल्या जिवाची काळजी करत एकजण तिथं पोचला, फुलं पाहत दुसरा, मध्ये आठेकशे वर्षं.

पाहिलेल्या गोष्टीवर शिकलेल्यांनी विश्वास न ठेवल्याचा किस्सा मात्र अमेरिकेतला. स्मर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर, तिथल्या सुक्या अंजिरांना जगभर मान. १८८० नंतर लगेचच सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’ या वर्तमानपत्रानं तिथून सुमारे १४,००० फांद्या आणवल्या आणि आपल्या वाचकांना वाटल्या. झाडं छान वाढली. फळं आली, गोटीएवढी झाली आणि गळून पडली. दरवर्षी तेच. लोकांना वाटलं तुर्कांनी आपल्याला फसवलं, भलत्याच जातीच्या फांद्या माथी मारल्या. गुस्ताव आयझेन नावाचा स्वीडनमधून आलेला निसर्ग-अभ्यासक सांगत होता, की रानअंजीर आणा, माशी आणा. फ्रेझ्नोच्या बागाईतदारांच्या सभेत त्याची हुर्यो उडवली गेली. म्हणे किडे घालून फळ पिकवायचं! अडाणी शेतकऱ्यांची खुळी समजूत. तुर्की शेतकरी तिकडं दर जूनमध्ये ‘इलेक’ची, म्हणजे रानअंजिराची माळ झाडाला बांधतच होता.

फ्रेझ्नोच्या रोडिंग बापलेकांनी मात्र ते मनावर घेतलं. माणूस पाठवून स्मर्नाहून खात्रीच्या फांद्या आणल्या, रानअंजिराच्याही. १८९० साली जॉर्ज रोडिंगनं रानअंजिराचा पराग हातानं अंजिराच्या छिद्रात घातला आणि ती मोजकी फळं झाडावर टिकली, पिकली. कोडं तिथंच सुटलं होतं. पण हजारो झाडांच्या लाखो फळांत कोण पराग घालत बसणार? माशी हवी होती आणि ती प्रवासात मरत होती. शेवटी १८९९ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या वॉल्टर स्विंगलनं अल्जीरियाहून पाठवलेल्या रानअंजिरांतून माश्या जिवंत निघाल्या आणि रोडिंगच्या बागेत रुजल्या. त्या अंजिराला ‘कॅलिमर्ना’ नाव मिळालं, कॅलिफोर्नियातलं कॅली आणि स्मर्नातलं मर्ना. सुमारे अठरा वर्षं तिळाएवढ्या माशीवाचून बागा उभ्या होत्या. मला यात रोडिंगपेक्षा त्या माळ बांधणाऱ्याचं कौतुक जास्त आहे. कारण विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं कोण जाणे, पण त्याची माळ चुकत नव्हती.

या स्मर्ना अंजिराची गोष्ट उंबराहून करुण आहे. उंबरात एकाच फळात बी आणि माशी दोन्ही वाढतात, देवघेव समोरासमोर. अंजिरात झाडंच वाटली गेली. रानअंजिरात माशी वाढते, खायच्या अंजिरात फक्त बी. खायच्या अंजिरात शिरलेल्या मादीला तिथली फुलं लांब दांड्याची मिळतात, तिची नळी तळापर्यंत पोचतच नाही. ती पराग देऊन जाते, अंडं एकही लागत नाही, आणि तिथंच मरते. बाहेरून दोन्ही फळांचा वास इतका सारखा की तिला निवड करता येत नाही. निवड करता आली असती तर माशी कधीच या फळाकडं फिरकली नसती.

तेव्हा आमच्या घरांत विचारला जाणारा प्रश्न, अंजीर चालतं का? हल्ली तो फार येतो. सूनबाईचं रक्त कमी आहे, डॉक्टरांनी दोन सुकी अंजिरं भिजवून खायला सांगितली आणि सासूबाई म्हणतात, उदुंबरातलं आहे, नको. कुणी म्हणतं, आतली माशी फळाच्या चिकात विरघळून जाते, मग राहिलं काय? कुणी म्हणतं, सुकं आहे, त्यात आता कुठला जीव? या दुसऱ्या शंकेला अमृतचंद्रांनी हजार वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. ही फळं सुकून त्यांतले जीव काळानं नाहीसे झाले असले, तरी ती खाण्यात आसक्ती आहे आणि आसक्ती ही हिंसाच. पटो न पटो, शंका मात्र त्यांनी आमच्याआधी ओळखली होती.

पण या इतिहासातून गृहिणीला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघते. सगळी अंजिरं सारखी नाहीत. पुरंदर तालुक्यातलं आपलं पूना अंजीर, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते माशीशिवाय पिकणाऱ्या जातीचं. त्याला रानअंजीर लागत नाही, माळ लागत नाही. गिलगालच्या त्या नऊ फळांसारखंच, फांदीवरून फांदी. दाताखाली कुरकुरतं ते खरं बी नव्हे, पोकळ टरफल. खट्टा बहर असो की मीठा, त्यात आई होऊ पाहणारी कुणी माशी शिरलेली नसते. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीच्या अंजिरात ती शिरलेली असते, शिरल्याशिवाय ते पिकलंच नसतं. बाजारच्या पाकिटावर जात कुठली हे लिहिलेलं नसतं, म्हणून सुकं अंजीर मी घरात आणत नाही. पुरंदरचं ताजं आणते. नेम कडक पाळणारे तेही घेत नाहीत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आणि सूनबाईला खारीक, मनुका, बीट काही कमी नाही.

उंबर तर आम्ही कुणीच खात नाही. ते कानडी शेजारणीच्या अत्तीच्या झाडाखाली पडतं, फुटतं, आणि त्यातून धुरासारखी केंबरी उठतात.